29 आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाच्या रक्तात बुरशी कशी आली? आमचे काही चुकले का?

तुमच्या बहिणीचे 1100 ग्रॅम वजनाचे बाळ तीन आठवड्यांपासून एनआयसीयूत आहे, त्याच्या रक्तात कॅन्डिडा ही बुरशी सापडली आहे, आणि आईच्या दुधातून किंवा घरच्यांच्या हातातून ती गेली का, शिवाय बाळ सुधारत असताना औषध इतके दिवस कशासाठी, असे तुम्ही विचारले आहे. मी नवजात अतिदक्षता विभागात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. सर्वप्रथम बहिणीला सांगा की तिचे काहीही चुकलेले नाही, आणि डॉक्टरांनी थांबवायला सांगितले नसेल तर तिने दूध काढणे मुळीच बंद करू नये.

कॅन्डिडा निरोगी माणसाच्या त्वचेवर, तोंडात आणि आतड्यातही असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा आणि आतड्याचे अस्तर इतके नाजूक असते की तिला आत शिरायला वाट मिळते. त्यातच जंतुसंसर्गासाठी जोरकस अँटिबायोटिक द्यावी लागली, तर तिला आवर घालणारे आतड्यातले चांगले जीवाणूही मरतात. शिवाय शिरेतून पोषण देण्यासाठी घातलेल्या बारीक नळीला ही बुरशी चिकटते आणि तिच्यावर असा थर धरते की औषध त्याच्या आतपर्यंत नीट पोहोचत नाही; म्हणूनच इतक्या कष्टाने घातलेली लाइन डॉक्टरांनी काढून टाकली असेल.

कर्मचाऱ्यांच्या हातांवरूनही बुरशी पसरते, आणि आम्ही डॉक्टरांनी ही गोष्ट पालकांपासून लपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात 1996 ते 1998 या काळात ‘पिचिया अनोमाला’ या एरवी क्वचित आढळणाऱ्या बुरशीचा संसर्ग 379 नवजात बाळांना व मुलांना झाला होता. लाइनला हात लावण्यापूर्वी सिस्टर प्रत्येक वेळी हात धुऊन तिचे टोक स्पिरिटने घासून पुसतात, ते यासाठीच.

एवढ्या लहान बाळाला ताप येईलच असे नाही. दूध पचेनासे होते, पोट फुगते, श्वास मध्येच थांबतो, साखर वाढते, प्लेटलेट घसरतात. तुमच्या भाच्याच्या अंगात सगळे मिळून साधारण 100 मिली रक्त असेल. त्यातून कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी, जेमतेम 1 मिली घेता येते, आणि तेवढ्यात बुरशी सापडेलच याची खात्री नसते. त्यामुळे संशय दाट असेल तर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करावे लागते.

आता औषधाच्या मुदतीविषयी. बुरशी रक्तातून डोळ्याच्या पडद्यात, मूत्रपिंडात, मेंदूच्या आवरणात जाऊन बसू शकते, म्हणून डोळ्यांची तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी करतात. बाळ वरून टवटवीत दिसले तरी त्या टाळू नयेत. या बाळांना बहुधा अँफोटेरिसिन बी देतात. ते सलाइनमध्ये मिसळले तर साका होतो, म्हणून डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून काही तास सावकाश सोडतात, आणि त्याने मूत्रपिंडाला त्रास होऊन पोटॅशियम घसरू शकते म्हणून वरचेवर रक्त तपासतात. काही बाळांना फ्लुकोनाझोल पुरते, पण ‘कॅन्डिडा ऑरिस’ त्याला सहसा दाद देत नाही. तेव्हा बुरशीची नेमकी जात कोणती, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. आणि पहिले स्वच्छ, म्हणजे बुरशी न सापडलेले, कल्चर कोणत्या तारखेचे आहे, तेही विचारून घ्या. संसर्ग इतरत्र पसरलेला नसेल, तर औषधाचे किमान 14 दिवस त्या तारखेपासून मोजतात, औषध सुरू झाल्या दिवसापासून नव्हे.