सरकारी पैशात घोटाळा होण्याआधीच तो रोखण्याचं काम आपल्याकडे कोण करतं? ते प्रत्यक्षात कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही परभणीचे, बी.कॉम. झालंय, एमपीएससी करताय, आणि ब्रिटनमध्ये सरकारी खात्यांत 'फ्रॉड रिस्क', म्हणजे घोटाळ्याची जोखीम, तपासणारे वेगळे अधिकारी असतात असं वाचलंत. तसं पद इथे आहे का, ते लोक दिवसभर करतात काय, बाकीचे त्यांच्याशी कसे वागतात आणि तिथे पोचायचं कसं, असा तुमचा प्रश्न.

त्या नावाचं पद आपल्याकडे नाही. काम मात्र आहे. ते लेखा शाखा, कोषागार, स्थानिक निधी लेखापरीक्षा यांच्यात तुकड्या-तुकड्यांनी वाटलेलं आहे आणि बऱ्याच ठिकाणी कुणाच्याच जॉबचार्टमध्ये धड लिहिलेलं नाही. मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात लेखा शाखेत आहे, त्यामुळे जे लिहितोय ते टेबलावरून दिसतं तसं.

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. ब्रिटनने ऑगस्ट 2022 मध्ये पब्लिक सेक्टर फ्रॉड अथॉरिटी उभी केली. कोविडच्या काळात त्यांनी कर्जं आणि अनुदानं घाईघाईत वाटली, त्यात बराच पैसा भलत्यांच्या घशात गेला, आणि योजना सुरू करण्यापूर्वीच तिच्यातली भोकं शोधायला माणसं हवीत हे त्यांच्या चांगलंच लक्षात आलं. आपल्याकडे पैसा गेल्यावर येणाऱ्यांची रांग मोठी आहे. लाचलुचपत प्रतिबंधक, आर्थिक गुन्हे शाखा, विभागीय चौकशी, विधिमंडळाची पंचायत राज समिती. महालेखाकारांचं नागपूरचं कार्यालय विदर्भाबरोबर मराठवाड्याचंही ऑडिट करतं. ग्रामपंचायतीपासून झेडपीपर्यंत स्थानिक निधीवाले येतात, त्यांचा कायदा तर 1930 चा. पण यातले बहुतेक सगळे वर्ष संपल्यावर येतात. अर्धसमास पत्र (ऑडिटवाल्यांची लेखी विचारणा) निघतं, आक्षेपाचा परिच्छेद होतो, अनुपालन (आक्षेपावरचं उत्तर) मागवलं जातं, आणि तोवर ज्याने सही केली तो सेवानिवृत्त होऊन नातवाला शाळेत सोडत असतो. वरातीमागून घोडे.

आता आधीचं काम म्हणजे काय, ते एका गाजलेल्या प्रकरणावरून सांगतो. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून 21 कोटी 59 लाख रुपये गेल्याचं डिसेंबर 2024 मध्ये उघड झालं. आरोप महिना 13 हजारांवर काम करणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्यावर. पेपरांनी बीएमडब्ल्यू, फ्लॅट आणि हिरे जडवलेला चष्मा यांवर रकानेच्या रकाने भरले. आमच्या कामाची ओळ मात्र बातमीच्या तळाशी होती. कार्यालयाच्या ई-मेलसारखाच, फक्त एका अक्षराचा फरक असलेला पत्ता तयार झाला, जुन्या लेटरहेडवर बँकेला पत्र गेलं, खात्याला तो नवा पत्ता जोडला गेला आणि इंटरनेट बँकिंग सुरू झालं, असं पोलिसांचं म्हणणं. पुढे ओटीपी कुणाकडे येणार हे सांगायला नको. जुलै ते डिसेंबर पैसे जात राहिले.

चष्मा बाजूला ठेवा आणि हे प्रश्न विचारा. बँकेला पत्र गेलं तेव्हा बँकेने साहेबांना साधा फोन केला का? खात्याची माहिती बदलण्याचं पत्र जावक नोंदवहीत चढलं होतं का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, दर महिन्याला कॅशबुक आणि बँकेचं स्टेटमेंट समोरासमोर ठेवून ताळमेळ कोण घेत होतं? जुलैचा ताळमेळ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाला असता तर फरक तिथेच दिसला असता. आता इथे एक मेख आहे. कित्येक कार्यालयांत कॅशबुक लिहिणारा, स्टेटमेंट बँकेतून आणणारा आणि ताळमेळाचा तक्ता टाइप करून सहीला ठेवणारा माणूस एकच असतो. मग ताळमेळ कागदावर जुळणारच, तो न जुळेल कसा? आमच्या कामाचा गाभा हा एवढाच आहे: पैसा सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकट्या माणसाला हलवता येतो अशी जागा शोधायची, आणि ज्या दोन याद्या कुणी कधी शेजारी ठेवल्याच नाहीत त्या ठेवून बघायच्या.

डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाने सत्तर-एक वर्षांपूर्वी मांडलं की विश्वासातला माणूस अफरातफर करतो त्यामागे तीन गोष्टी असतात: पैशाची अडचण, संधी, आणि मनाला पटवायची एखादी सबब. माणसाची अडचण आम्हाला दिसत नाही, सबब तर त्याच्या मनात असते. आमच्या हातात येते ती फक्त संधी. म्हणून जोखीम लिहिताना 'गैरव्यवहार होऊ शकतो' असं मोघम लिहून चालत नाही. कोण, काय करून, काय पदरात पाडून घेईल, हे वाक्य पूर्ण करावं लागतं. उदाहरणार्थ: 'ग्रामपंचायतीचा संगणक चालक सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डोंगल (डिजिटल सही करायची यूएसबी) स्वतःकडे ठेवून वित्त आयोगाच्या निधीतून ओळखीच्या पुरवठादाराला न झालेल्या कामाचे पैसे देईल.' असं लिहिलं की उपाय आपोआप समोर येतो.

हे उदाहरण मी हवेतून काढलेलं नाही. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून डिजिटल सहीने जातो. एकाने पेमेंट तयार करायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं, म्हणून दोन माणसांच्या दोन डोंगल. कल्पना उत्तम. आता गावात जा. सरपंचबाईंना विचारा, 'ताई, तुमची डोंगल कुठंय?' उत्तर ठरलेलं: 'ती काय, ऑपरेटरकडं असती की. मला काय कळतंय त्यातलं.' ग्रामसेवकाकडे तीन गावं, तो म्हणतो नेट तालुक्यालाच चालतं. दोन्ही डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये, आणि पिन चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने दोन अधिकाऱ्यांनी मंजुरी दिलेली असते. म्हणून मी भेटीत आधी व्हाउचर मागत नाही, डोंगल दाखवा म्हणतो. ज्याच्या खिशातून निघेल, खातं तो चालवतो.

योजना आखतानाच भोक कसं राहतं याचा नमुना म्हणजे एक रुपयातला पीक विमा. 2023 च्या खरिपापासून राज्याने शेतकऱ्याचा हिस्सा फक्त एक रुपया केला. शेतकऱ्यासाठी चांगलंच होतं. पण अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राला विमा कंपनीकडून प्रत्येक अर्जामागे 40 रुपये मिळायचे. म्हणजे अर्ज खरा असो की खोटा, भरणाऱ्याच्या खिशातून जाणार एक आणि येणार चाळीस. हे गणित जीआर निघायच्या आधी एखाद्या कनिष्ठ लिपिकानेसुद्धा मांडून दाखवलं असतं. पुढे 2024 च्या खरिपात लाखो बोगस अर्ज निघाले, त्यात आपला बीड जिल्हा आघाडीवर, आणि विमा कुठे उतरवलेला तर गायरानावर, देवस्थानच्या जमिनीवर, बिगरशेती प्लॉटवर. 2025 मध्ये एक रुपयाची सोय बंद झाली आणि खरा शेतकरी खरिपाला पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता भरायला लागला. चोरी कुणी केली आणि भुर्दंड कुणाला, ते बघा. सातबाऱ्यावरची पीक पाहणी आणि विम्याचा अर्ज या दोन याद्या पैसे सुटण्याआधी जुळवायची अट पहिल्या दिवसापासून असती तर एवढं झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुष्काळात आमच्याकडे टँकर येतात, आणि टँकर म्हणजे खेपा. जीपीएस आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं प्रश्न मिटला. पण ते यंत्र गाडी कुठे गेली ते सांगतं, पाणी कुठे पडलं ते सांगत नाही. टाकीत पाणी होतं का, ते तर नाहीच. तिथे जुनी पद्धतच कामाला येते. उद्भव, म्हणजे टँकर भरायची जागा, 18 किलोमीटरवर, रस्ता आपल्याकडचा, म्हणजे जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तास. भरायला अर्धा तास, रिकामा करायला अर्धा. एका खेपेला अडीच तास. लॉगबुकात दिवसाला सात खेपा. म्हणजे साडेसतरा तास गाडी थांबलीच नाही, ड्रायव्हर जेवला नाही आणि पंपाची लाइटही गेली नाही. मराठवाड्यात. उन्हाळ्यात. शिवाय वहीकडे नुसतं बघायची सवय लावून घ्या. खऱ्या लॉगबुकाची पानं पाण्याने फुगलेली असतात, शाई पसरलेली असते, कधी पेन निळं, कधी काळं, एखादी सही वाकडीतिकडी. महिनाभराच्या नोंदी एका पेनाने, एका तिरक्या वळणात, एकही खाडाखोड नसलेल्या दिसल्या की ती वही टँकरवर कधी चढलीच नव्हती असं समजून पुढची तपासणी करायची. नीटनेटका कागद बघून साहेब लोक खूश होतात. मला त्याचीच धास्ती वाटते.

याद्या शेजारी ठेवण्याचं सर्वात मोठं काम मात्र मराठवाड्यातच सुरू झालं, हे आजच्या मुलांना माहीत नसतं. नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी 2011 मध्ये जिल्ह्यातल्या शाळांचा पट एकाच वेळी मोजून घेतला. बोगस विद्यार्थ्यांची संख्या एवढी निघाली की सरकारने 3 ते 5 ऑक्टोबर 2011 ला राज्यभर पटपडताळणी केली. मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली, कारण सकाळी या शाळेत मोजलेलं पोरगं दुपारी जीपमध्ये घालून दुसऱ्या शाळेत बसवतील याची खात्री होती. पटावर असलेली आणि वर्गात नसलेली मुलं 20 लाखांच्या आसपास निघाली. यात भारी तंत्रज्ञान काही नव्हतं. एकच वेळ, सगळ्या शाळा, बाहेरच्या खात्याची माणसं आणि शाईची बाटली. नियोजन करणाऱ्याने चोराच्या जागी बसून विचार केला होता, एवढंच.

पण याच पद्धतीचा एक धोका सांगतो, कारण नव्या मुलांचा पाय इथेच घसरतो. घरी माणूस सापडला नाही म्हणजे तो बोगस, असं धरून चालू नका. बीड, धाराशिव, जालन्याच्या कित्येक वाड्या-तांड्यांवर दिवाळीनंतर अर्ध्या घरांना कुलूप असतं. माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडात गेलेली असतात. डिसेंबरात घरोघर पडताळणी ठेवली तर ज्यांना योजनेची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांचीच नावं 'आढळले नाही' या रकान्यात जातात, आणि दाराशी पाटी लावून बसलेला बोगस लाभार्थी मात्र आढळतो. तीच गत अंगठ्याची. आयुष्यभर खुरपं धरलेल्या म्हातारीच्या बोटावर रेषा उरत नाहीत, मशीन तिला ओळखत नाही. घोटाळा रोखायला लावलेली प्रत्येक अट कुणा खऱ्या माणसाला अडवते का, हे मोजणं माझ्या मते याच कामाचा भाग आहे. आपल्याकडे ते कुणी मोजत नाही.

लोक कसे वागतात हेही विचारलंत. सुरुवातीला चहा येतो. मग 'तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?' असं येतं. त्यावर मी एकच सांगतो, की उद्या या खात्यात काही झालं तर पहिलं नाव तुमचंच येणार आहे, दुसऱ्याची सही मध्ये असली तर तुम्ही वाचाल. हे पटतं. कॅशियरला तर लगेच पटतं. ज्याला पटत नाही आणि जो सहा-सहा वर्षांत एकदाही मोठी रजा घेत नाही, टेबल कुणाला देत नाही, त्याच्या नोंदवह्या मी आधी मागवतो. त्यातले बहुतेक जण खरंच कष्टाळू निघतात, हेही सांगून ठेवतो. राजकीय फोन येतात का? येतात. तोंडी सांगितलं की मी टिपणीत लिहून साहेबांपुढे ठेवतो, आणि लिहायचं म्हटलं की बरेच फोन थांबतात. सगळे थांबत नाहीत. बदलीला तयार राहावं लागतं.

राहिला तुमचा मार्ग. एमपीएससीच्या राज्यसेवेतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा मिळाली तर झेडपीत कॅफोपर्यंत (मुख्य लेखा व वित्त अधिकारी), कोषागारात, वेगवेगळ्या महामंडळांत काम करता येतं आणि व्यवस्था बदलण्याइतका अधिकार हातात असतो. तेवढं थांबायचं नसेल तर झेडपी भरतीत कनिष्ठ लेखा अधिकारी आणि लेखा शाखेची सहायक पदं निघतात. महालेखाकार कार्यालयात जायचं तर केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची सीजीएल परीक्षा. बी.कॉम.चा उपयोग होतो, पण परीक्षेच्या गाइडपेक्षा जिल्हा परिषद व पंचायत समिती लेखा संहिता 1968 आणि मुंबई वित्तीय नियम 1959 वाचायला घ्या, भाषा जड आहे तरी. त्यातला प्रत्येक नियम कधीतरी कुणीतरी पैसे खाल्ल्यावरच लिहिला गेलाय असं समजून वाचलंत तर कंटाळा येणार नाही. आणि ज्या गावच्या मतदार यादीत तुमचं नाव असेल तिथल्या ग्रामसभेला जाऊन बसा, मागच्या वर्षीचा जमाखर्च वाचून दाखवा म्हणा. तो अधिकार तुम्हाला नोकरी लागायच्या आधीपासूनच आहे.