कुत्र्याचे केस गळतायत? आधी कातडी तपासा
भाऊ, कानाची कड अन् कोपरं उघडी पडून कुत्रा सारखा खाजवत असेल तर बहुधा खरूज. ती घरच्यांनाही लागते. पिल्लाच्या डोळ्या-तोंडाभोवती टक्कल आणि खाज कमी, तर डेमोडेक्सचा, म्हणजे केसांच्या मुळाशी राहणाऱ्या बारीक किडीचा संशय. नक्की काय ते पशुदवाखान्यात कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरवतात. जळकं ऑइल लावू नका, कपाशीवर फवारायचं औषध तर अजिबातच नाही. कुत्रा चाटतो, विष पोटात जातं. डॉक्टरांनी १२.५ टक्के अमिट्राझ (ही कीड मारायचं पातळ औषध) दिलं तर लिटरभर पाण्यात ४ मिली, हातमोजे घालून लावा. नंतर धुवायचं नाही, वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही. ४ महिन्यांखालच्या पिल्लाला नको. गुरांचं आयव्हरमेक्टिन (किडी-जंतांचं इंजेक्शन) अंदाजानं टोचणं म्हणजे जिवाशी खेळ. अंथरायचा बोरा उकळत्या पाण्यात बुडवून काढा.