डीव्हीसी घ्यायचं का? आधी एकदोन वर्षं भाड्याने राहून पाहा

डिझनीचं टाइमशेअर (एकदा पैसे भरून दरवर्षी सुट्टीत राहायचा हक्क विकत घेणं), म्हणजे डिझनी व्हेकेशन क्लब किंवा डीव्हीसी, घ्यावं का, असं तुम्ही पत्रात विचारलंय. त्याआधी एक घाईचं काम. तुमच्या दिरांनी फुकट तिकिटांच्या नादात डिझनी वर्ल्डजवळच्या किसिमीला दुसऱ्याच एका टाइमशेअरच्या कागदांवर सही केली, असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. त्यांना आजच फोन करा. फ्लोरिडाच्या कायद्यात सही केल्यापासून किंवा शेवटचा कागद हातात पडल्यापासून, जे नंतरचं असेल तिथून दहा दिवसांत करार रद्द करता येतो. शनिवार-रविवार त्यातच धरतात. तोंडी सांगून भागत नाही, लेखी कळवावं लागतं. पत्ता आणि पद्धत करारातच छापलेली असते, त्याबरहुकूम पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. 'मी हा हक्क सोडतो' असं कुणी लिहून घेतलं असलं तरी ते कायद्याने चालत नाही. दहा दिवस उलटले तर बहुतेक टाइमशेअर कुणी फुकटही घेत नाही आणि वार्षिक देखभालखर्च मात्र दरवर्षी येत राहतो. मग 'आम्ही तुम्हाला यातून सोडवतो, आधी अमुक हजार भरा' असे फोन सुरू होतात. आगाऊ पैसे मागणाऱ्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका.

आता तुमचं. नाताळात चौघं डिझनी वर्ल्डला जाऊन आलात, पॉप सेंच्युरी या डिझनीच्या स्वस्तातल्या हॉटेलात सात रात्री राहिलात, कर सोडून रात्रीला २८० डॉलर दिलेत आणि घरी येऊन सगळी बेरीज केल्यावर हबकलात. तिथे असताना डीव्हीसीची माहिती मिळाली: रिव्हिएरा रिसॉर्टचे १५० पॉइंट्स (एकदा विकत घेतले की दरवर्षी तेवढे मिळतात आणि त्यांवर खोली घेता येते), पॉइंटला २२० डॉलर, हवं तर कर्जही. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. भाव असेच वाढणार असतील तर एकदाच पैसे भरून मोकळं व्हावं का, हा तुमचा प्रश्न. आम्ही बरीच वर्षं मेंबर आहोत आणि अगदी खूश आहोत. तरी तुम्हाला सांगेन, आत्ता घेऊ नका.

कारण डीव्हीसीत तुम्ही फक्त डोक्यावरचं छप्पर विकत घेता, आणि तुमचं बिल फुगलंय ते बरंचसं छपराबाहेर. १९७१ मध्ये मॅजिक किंगडम उघडलं तेव्हा प्रवेश साडेतीन डॉलर होता, राइड्सची कुपनं वेगळी. २०१५ मध्ये एका दिवसाचं तिकीट शंभराच्या वर गेलं. आता गर्दीच्या दिवसांत ते दोनशेच्या घरात आहे, आणि नाताळाइतकी गर्दी वर्षात क्वचितच असते. १९९९ पासून रांग टाळायला फास्टपास फुकट मिळायचा. २०२१ मध्ये तो गेला आणि आता लायटनिंग लेनसाठी माणशी, दिवसागणिक पैसे मोजावे लागतात. विमानतळावरून हॉटेलपर्यंत नेणारी फुकट बसही २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. यातलं काहीही डीव्हीसी घेतल्याने स्वस्त होत नाही. मेंबरला तिकीट लागतंच, लायटनिंग लेन लागतेच, पार्कात पाण्याची बाटली त्याच भावाने मिळते. थेट डिझनीकडून पॉइंट्स घेतले तर वार्षिक पासवर आणि काही ठिकाणी जेवणावर सवलत असते, पण चार दिवसांसाठी जाणाऱ्याला वार्षिक पास काय कामाचा? म्हणून पहिल्यांदा तुमचं बिल दोन भागांत मांडा, खोली एकीकडे आणि बाकी सगळं दुसरीकडे. महागाईचा राग दुसऱ्या भागावर आहे आणि ३३,००० डॉलर तुम्ही पहिल्या भागात घालायला निघालात.

तुमच्या यजमानांनी केलेली एक्सेल शीट पाहिली. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, तुलना चुकली आहे. त्यांनी डिलक्स हॉटेलची ६५० डॉलरची खोली धरलीय, वर साडेबारा टक्के कर, म्हणजे सात रात्रींचे साधारण ५,१०० डॉलर. पॉइंट्सवर राहिलं की हा कर लागत नाही, हा खरा फायदा आहे. त्यातून वार्षिक ड्यूज, म्हणजे देखभालखर्च, पॉइंटला नऊ डॉलरच्या हिशेबाने १,३५०, वजा केले की दरवर्षी पावणेचार हजार वाचले आणि नऊएक वर्षांत पैसे वसूल. पण तुम्ही डिलक्समध्ये राहिलाच नव्हता! पॉप सेंच्युरीचे तुमचे सात रात्रींचे करासकट २,२०० डॉलर झाले. त्यातून ड्यूज वजा करा, राहतात साडेआठशे. या दराने ३३,००० वसूल व्हायला जवळजवळ एकोणचाळीस वर्षं लागतील. रिव्हिएराचा करार २०७० ला संपतो आणि संपल्यावर हातात काही उरत नाही. ही जागा कायमची तुमची होत नाही, ठरावीक वर्षांचा हक्क असतो. खोली चांगली मिळेल यात शंका नाही. पण चांगल्या खोलीसाठी जास्त पैसे देणं म्हणजे बचत नव्हे, हे दोघांनी बसून नीट बोला.

बरं, तुम्हाला डिलक्सच हवंय असं धरू. तरी हॉटेलचा छापील दर देणारं माझ्या ओळखीत फारसं कुणी नाही. बरेच मेंबर एखाद्या वर्षी जात नाहीत आणि आपले पॉइंट्स भाड्याने देतात, पॉइंटला वीस डॉलरच्या आसपास. तेच १५० पॉइंट्स तुम्हाला ३,००० डॉलरला मिळतात, तीच खोली, तीच बाल्कनी. मालक म्हणून तुमचा वार्षिक खर्च १,३५०, भाडेकरू म्हणून ३,०००. फरक १,६५०. म्हणजे भाड्याशी तुलना केली तर ३३,००० वसूल व्हायला वीस वर्षं, तेही त्या पैशांवर बँकेत एक पैसाही व्याज मिळालं नसतं असं मानून. धाकटा तेव्हा सव्वीस वर्षांचा असेल. आणि कर्ज घेऊन घेतलंत, दहा टक्के व्याज धरलं, तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच त्या पॉइंट्सच्या भाड्याइतकं होतं. ड्यूज आणि मुद्दल वेगळं. कर्ज काढून डीव्हीसी घेणं कुठल्याच गणितात बसत नाही, माझ्या सख्ख्या भावालाही मी हेच सांगितलं.

शीटमध्ये आणखी एक गोष्ट राहिलीय. हॉटेलचे दर त्यांनी दरवर्षी वाढवलेत, ड्यूज मात्र शेवटपर्यंत १,३५० च ठेवलेत. ड्यूज वाढतात. डिझनीच्या कामगारांचा किमान पगार २०१८ च्या युनियन करारात तासाला दहावरून टप्प्याटप्प्याने पंधरा डॉलरवर गेला आणि २०२३ च्या करारात अठरावर. माझ्या मते ते योग्यच झालं, खोल्या साफ करणाऱ्या बायकांना ऑर्लँडोत घरभाडं परवडायला नको का? पण तो खर्च, मालमत्ता कर आणि फ्लोरिडातला वाढता विमा हे सगळं ड्यूजमधूनच वसूल होतं. जा किंवा न जा, ड्यूज भरावेच लागतात.

आता स्वयंपाकाचं. तुम्ही लिहिलंय की 'किचन असेल तर निदान सकाळचे पोहे आणि रात्रीचा वरणभात खोलीवरच होईल.' १५० पॉइंट्सच्या हिशेबात स्टुडिओ धरलेला आहे आणि स्टुडिओत शेगडी नसते. छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह, टोस्टर आणि कॉफीचं यंत्र, एवढंच. मायक्रोवेव्हमध्ये भात होतो, फोडणी होत नाही. पूर्ण किचन आणि कपडे धुवायचं मशीन वन-बेडरूमपासून पुढे, आणि वन-बेडरूमला स्टुडिओच्या जवळपास दुप्पट पॉइंट्स लागतात. सासू-सासरे नाशिकहून आले की त्यांना घेऊन जायचं म्हणताय, तर सहा जणांना टू-बेडरूम लागेल, म्हणजे आणखी पॉइंट्स. तुमच्या कुटुंबाची खरी गरज १५० ची नाहीच. ज्यांना रोज गरम जेवण करून बाहेर पडायचंय त्यांनी लेक ब्युएना व्हिस्टा किंवा किसिमीकडे किचन असलेला सूट भाड्याने घ्यावा, गाडी ठेवावी. आम्ही स्वतः आई-बाबा आले तेव्हा तसंच केलं. आईला दुपारी पार्कातून परत येऊन आडवं व्हायचं असायचं, बाबांना ताक लागायचं, आणि त्या घरात सगळं मनासारखं झालं.

सुट्ट्यांचा मुद्दा तुम्ही मांडलाच नाहीये, पण आपल्या लोकांचा डीव्हीसीचा हिशेब बहुधा तिथेच बिघडतो. दोघांच्या मिळून रजा किती? एक वर्षाआड भारतात जाता, तेव्हा तीन-चार आठवडे तिकडे जातात. त्या वर्षी डिझनी होत नाही. पॉइंट्स पुढच्या वर्षात टाकता येतात, पण एकदाच आणि मुदतीच्या आत. पुढच्या वर्षाचे उसने घेता येतात. म्हणजे एक वर्षाआड जाणाऱ्याला १५० पॉइंट्सचा मुक्काम ७५ पॉइंट्समध्ये भागतो. नव्या मेंबरला थेट घेताना मात्र १५० च्या खाली मिळत नाहीत. तुम्ही पॉइंट्स वाया घालवाल किंवा रजा नसताना ओढूनताणून जाल.

शिवाय बुकिंग. आपल्या होम रिसॉर्टमध्ये, म्हणजे ज्याचे पॉइंट्स घेतले त्यात, अकरा महिने आधी खोली धरता येते, बाकी रिसॉर्ट्समध्ये सात महिने आधी. नाताळ, स्प्रिंग ब्रेक आणि आपल्या न्यू जर्सीवाल्यांचा लाडका नोव्हेंबरचा पहिला आठवडा, शिक्षकांच्या अधिवेशनाची सुट्टी असते तो, यांसाठी सात महिन्यांचा भरवसा धरू नका. जानेवारीत ठरवा, नोव्हेंबरात जा, अशी शिस्त लागते. 'तिकिटं स्वस्त दिसली, चला' म्हणणाऱ्या घराला हे जमत नाही. नाताळात तर त्याच खोलीला साध्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त पॉइंट्स लागतात. १५० मध्ये रिव्हिएराला तुमचा नाताळचा आठवडा बसणार नाही.

मग आम्ही खूश का? आम्ही थेट घेतलं नाही, रिसेलमध्ये, म्हणजे जुन्या मेंबरकडून घेतलं, रोख, अ‍ॅनिमल किंगडम रिसॉर्टचं. मला पार्कांपेक्षा तिथे राहण्यातच जास्त आनंद आहे. सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत यावं तर समोर जिराफ पाला ओरबाडत असतो आणि मागून झेब्रा चाललेले असतात. खाली सना नावाच्या रेस्टॉरंटमध्ये नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या मिळतात, मुलांना तेवढं पुरतं. कितीतरी दिवस आम्ही पार्कचं तिकीटही काढत नाही. अशा माणसाला डीव्हीसी परवडतं. साराटोगा स्प्रिंग्ज हे डीव्हीसीचं आणखी एक रिसॉर्ट. ते आणि अ‍ॅनिमल किंगडम रिसेलमध्ये पॉइंटला शंभर डॉलरच्या आसपास मिळू शकतात. १५० पॉइंट्सचे १५,००० झाले, तर वरच्याच भाड्याच्या तुलनेत नऊ वर्षांत वसुली होते. हे गणित मला पटतं.

रिसेलमध्ये तीन गोष्टी बघायच्या. करार कधी संपतो: ओल्ड की वेस्टचे बरेचसे करार, बोर्डवॉक आणि बीच क्लब २०४२ ला संपतात, साराटोगा २०५४, अ‍ॅनिमल किंगडम २०५७. ड्यूज किती: व्हेरो बीच पॉइंटला स्वस्त दिसतं, पण समुद्रकाठच्या त्या रिसॉर्टचे ड्यूज डीव्हीसीत सगळ्यात चढ्यांपैकी आहेत. आणि बंधनं: १९ जानेवारी २०१९ पासून रिसेलमध्ये घेतलेल्या जुन्या चौदा रिसॉर्ट्सच्या पॉइंट्सवर रिव्हिएरा आणि त्यानंतरची रिसॉर्ट्स मिळत नाहीत. उलट रिव्हिएराचे पॉइंट्स रिसेलने घेणाऱ्याला फक्त रिव्हिएरातच वापरता येतात. म्हणजे तुम्ही आज घेऊन उद्या विकायला काढलेत, तर घेणाऱ्याला त्यात निम्मी मजाही नाही, आणि भावही त्यामुळे कमीच येणार. व्यवहार ठरला तरी तो आधी डिझनीकडे जातो, त्यांना त्याच भावात स्वतः विकत घ्यायचा हक्क असतो, त्यामुळे दोन-तीन महिन्यांचा धीर ठेवावा लागतो.

तुम्ही पुढच्या खेपेला पॉइंट्स भाड्याने घेऊन एकदा रिव्हिएरात आणि जमलं तर एकदा अ‍ॅनिमल किंगडममध्ये राहा. ओळखीचा मेंबर नसेल तर मध्यस्थ कंपनीमार्फत घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. बुकिंग तुमच्या नावावर झालं की त्याचा नंबर डिझनीच्या अ‍ॅपमध्ये टाकून खोलीचा प्रकार आणि तारखा स्वतः तपासा, मगच उरलेले पैसे द्या. असं बुकिंग बहुतेक वेळा रद्द करता येत नाही, तेव्हा मुलांची परीक्षा किंवा ऑफिसचं काम मध्ये येण्यासारखं असेल तर प्रवासविमा काढा, आणि भाड्याने घेतलेल्या पॉइंट्सचे पैसे त्यात धरले जातात का हे आधी लेखी विचारून घ्या. शाळेचं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर आलं की तारखा मला कळवा, कुठल्या आठवड्याला किती पॉइंट्स लागतात ते मी तक्त्यात बघून सांगते.