कोरड्या बोअरमध्ये सांडपाणी सोडू का?

प्रश्न (केळी उत्पादक, रावेर तालुका): घरात दहा माणसं. सेप्टिक टँकचं पाणी वाड्यामागच्या कोरड्या बोअरमध्ये सोडलं तर पुनर्भरण होईल, शोषखड्ड्याचा खर्चही वाचेल, असं शेजारी सांगतात. सोडू का?

उत्तर: नाही भाऊ, अजिबात नको. पुनर्भरण पावसाच्या पाण्याचं करायचं, तेही गाळून. सेप्टिक टँकमध्ये गाळ तेवढा तळाला बसतो. बाहेर पडणारं पाणी निवळ दिसलं तरी जंतू आणि अमोनिया त्यात असतातच. पुढची सफाई वरची माती करते. बोअरमध्ये सोडलेलं पाणी ही माती चुकवून थेट खाली जातं आणि तेच पाणी तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या पंपातून वर येतं.

तुमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला गोटे-वाळूची जमीन, पाणी झपाट्याने मुरतं. पुनर्भरणाला ती नामी, पण घाणही तितक्याच लवकर खाली उतरते. म्हणून शोषखड्डा उथळ ठेवा आणि विहीर-बोअरपासून किमान 15 मीटर लांब. जागा असेल तर आणखी लांब. कोरड्या बोअरचं तोंड आजच झाकण लावून बंद करा, लेकरं खेळतात तिथे.

न्हाणी-मोरीचं पाणी संडासाच्या पाण्यात मिसळूच नका. आधी खरकटं आणि तेलकटपणा अडवणारी लहान टाकी, मग दोन फूट खडीचा वाफा, त्यात कर्दळ. पाणी खडीच्या चार बोटं खालीच राहू द्या, वर आलं की डास झालेच म्हणून समजा. वाफ्यातून निघालेलं पाणी परसातल्या केळीच्या आळ्यात सोडा, मेथी-कोथिंबिरीला नको.

आता नायट्रेटचं. अमोनियाचं मातीत नायट्रेट होतं आणि ते माती अडवत नाही. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. उकळून ते जात नाही, उलट दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या वरच्या दुधात असं पाणी कधीच वापरू नका. खरं सांगायचं तर सगळा दोष संडासाचा नाही, ठिबकमधून जाणारा जादा युरियाही खाली झिरपतो. विहिरीच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर दर दहा लाख लिटरमागे साधारण 10 किलो नत्र, म्हणजे जवळपास 22 किलो युरिया, बागेला पाण्यातूनच मिळतो. तो हिशेबात धरा.

नमुना मेमध्ये आणि पावसाळा संपल्यावर, असा दोनदा तपासा. पंप थोडा वेळ चालू ठेवून मग बाटली भरा. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, भरून बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.