गाडीचे कापडी कव्हर धुण्याआधी ते उलटे करून पाहावे

आपण विचारले आहे की दोन वर्षे वापरलेले कापडी कव्हर धुळीने माखले आहे, त्यावर पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग आहेत, तर ते वॉशिंग मशीनमध्ये धुवावे की हाताने, आणि पावसाळ्याआधी त्याचे आणखी काय करावे. मी नागपुरात उत्तरेकडे, कोराडीच्या बाजूला राहतो. गाडी उघड्यावर, कडुनिंबाखाली उभी असते, त्यामुळे हे काम गेली कित्येक वर्षे माझ्या हातचे आहे.

मशीनमध्ये टाकू नये. पाणी अडवणारे कापड ड्रममध्ये फुग्यासारखे फुगते आणि पाणी पोटात धरून ठेवते. पिळण्याच्या वेळी भार एका बाजूला जाऊन मशीन जोराने आदळू लागते. शिवाय त्या पिळ्याने आणि गरम पाण्याने कव्हरच्या आतला लेप सुटतो, आणि एकदा त्याचे पापुद्रे निघू लागले की तो पुन्हा बसवता येत नाही.

आपण बाहेरच्या डागांविषयी विचारले आहे, पण मला अधिक काळजी आतल्या बाजूची वाटते, कारण गाडीच्या रंगाला तीच लागते. माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर बारीक अर्धगोल ओरखडे दिसू लागले, तेव्हा मी गाडी धुणाऱ्या मुलाला दोष देत होतो. पॉलिश करणाऱ्याने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून दाखवले की ओरखडे नेमके तिथेच आहेत, जिथे वाऱ्याने सैल कव्हर फडफडत असे. घरी येऊन आतल्या अस्तरावर तळहात फिरवला, तर तो राखाडी झाला आणि बोटांना रवाळ कचकच लागली. मातीत आणि कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेत सिलिका असते. तिचे कण रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कठीण असल्यामुळे मळलेले अस्तर पॉलिश पेपरचे काम करते. म्हणून धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घालू नये, आणि कव्हर काढताना ते जमिनीवरून ओढू नये.

धुताना आधी गच्ची झाडून, पाणी मारून स्वच्छ करावी. दोघांनी कव्हर कठड्यावर टाकून कोरडेच झटकावे आणि मऊ ब्रशने धूळ काढावी. ही पायरी गाळली तर पुढे केवळ चिखल होतो. विष्ठेचे वाळलेले डाग खरवडू नयेत, त्यावर ओले फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, मग ते आपोआप सुटतात. नंतर बादलीभर साध्या पाण्यात लोकरी कपड्यांचे सौम्य द्रव डिटर्जंट झाकणभर घालून स्पंजने आधी आतली बाजू आणि मग बाहेरची पुसावी. धुण्याचा सोडा, ब्लीच आणि कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये. शेवटच्याचा पातळ थर कापडाची छिद्रे बुजवतो आणि पाणी ओघळून जाण्याऐवजी कापडात मुरते. फेस पूर्ण जाईपर्यंत पाण्याने खळबळावे. कव्हर पिळू नये, दोन समांतर दोऱ्यांवर पसरून निथळू द्यावे.

वाळवण्याचा प्रश्न आपल्याकडे उन्हाळ्यात वेगळा आणि पावसाळ्यात वेगळा आहे. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान पाहिलेल्या या गावात नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, उन्हात कव्हर दिवसभर पसरून ठेवणे म्हणजे अतिनील किरणांनी त्याचे आयुष्य विनाकारण कमी करणे होय. सकाळी धुवून सावलीत टाकले तरी दुपारपर्यंत ते वाळते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र दोन दिवसही लागतात, आणि शिवणीत ओल राहिली तर काळी बुरशी धरते. म्हणून मी मोठी धुलाई दोनदाच करतो, एक मेअखेर आणि दुसरी दसऱ्यानंतर. बुरशी आलीच, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून आधी कोपऱ्यावर लावून पाहावे आणि रंग न गेल्यास डागावर वापरावे.

आपले कव्हर पावसाळा काढेल का, हे वाळल्यावर कळते. ते हातावर पसरवून वाटीभर पाणी ओतावे. थेंब मोत्यांसारखे घरंगळले तर उत्तम. तळहाताला ओल लागली तर लेप गेला आहे, आणि ते कव्हर फक्त धूळ व उन्हासाठी ठेवावे. उसवलेली शिवण नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने घालून घ्यावी, कारण सुती दोरा ओलीने कुजतो. ढिले पडलेले इलास्टिक बॅगा शिवणारा कारागीर बदलून देतो. ते मात्र अवश्य करावे, कारण कव्हर फडफडले नाही तर रंग वाचतो.

घडीविषयी एवढेच. कव्हर गाडीवर असतानाच दोन्ही बाजू उचलून टपावर आणाव्यात आणि मग समोरून मागे गुंडाळत जावे. असे केल्याने बाहेरची मळकी बाजू बाहेरच्याच बाजूला लागते आणि अस्तर अस्तराला. गुंडाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती पिशवीत, कोरड्या जागी ठेवावी. गाडी नुकतीच चालवून आणली असल्यास अर्धा-पाऊण तास तशीच उभी राहू द्यावी, कारण तापलेल्या सायलेन्सरला लागलेले पॉलिएस्टर वितळून चिकटते.