ऑक्सिजनची नळी आणि एमआरआयचा कागद

'फुप्फुसाचं दुखणं मेंदूत उतरून राहिलं का हो, मॅडम?' नागपूरच्या महाल भागातून आलेल्या त्या आईने पर्समधून एमआरआयचा रिपोर्ट काढला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बाळ 28व्या आठवड्यात जन्मलेलं. पोटातले दिवस धरून 36 आठवडे भरले तरी ऑक्सिजन सुटला नाही, म्हणून बीपीडी हे निदान झालं, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. आता बाळ सात महिन्यांचं. 'मान धरतो, पण पालथा पडत नाही. जावेचा पाच महिन्यांतच पडला होता.'

असा रिपोर्ट दोन शब्द न बोलता हातात ठेवणं मला निर्दयपणाच वाटतो. त्यात मेंदूच्या पांढऱ्या भागाची वाढ थोडी मागे असल्याचं लिहिलं होतं. बीपीडीच्या बाळांत हे जास्त दिसतं, ते मी लपवलं नाही. पण आजार फुप्फुसातून मेंदूत सरकत नाही. मेंदूच्या जोडण्या पक्क्या होण्याच्या काळातच ऑक्सिजन वरचेवर घसरतो, अंगात सूज असते, वजन वाढत नाही; या सगळ्याचा मार मेंदूलाही बसतो. त्यातून हालचाल, बोलणं, शिकणं मागे पडण्याचा धोका वाढतो. धोका वाढतो म्हणजे तसं होणारच असं नाही. एका एमआरआयवरून मूल पुढे कसं होईल हे कुणी सांगू शकत नाही.

मग हिशेब मांडला. बाळ बारा आठवडे आधी आलं, म्हणून सातातून तीन वजा. चार महिन्यांच्या बाळाने मान धरली, पालथं पडलं नाही, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन वर्षांपर्यंत असंच मोजायचं.

खरी गोष्ट बोलता बोलता निघाली. पाहुणे आले की सासूबाई बाळाची ऑक्सिजनची नळी काढून ठेवत. 'लोक विचारतात, काय झालं म्हणून.' आजींना म्हटलं, 'ही नळी फक्त श्वासासाठी नाही, त्याच्या डोक्यासाठीही आहे. ती कधी काढायची ते डॉक्टर ठरवतील.' आजी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, 'अन् संध्याकाळचा धूप?' तोही नको, मच्छर कॉइल नको, घरात बिडी-सिगारेट तर नकोच.

2013पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा बाळांची तपासणी आणि फिजिओथेरपी मोफत होते. तिथली चिठ्ठी दिली. डोळे आणि कान तपासायचे राहिले होते, तेही त्यावर लिहिलं.