ही काटकसर कोणाच्या ताटातून?

नोव्हेंबर संपत आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मी समुपदेशनाचं काम करते, माझी खोली मालाडला आहे. ऑर्लेम, मार्वे रोड, पुढे बोरिवलीची आय. सी. कॉलनी या पट्ट्यात ख्रिस्ती घरं पुष्कळ, त्यामुळे दिवाळीआधी जो प्रश्न एका घरातून येतो तोच नाताळआधी दुसऱ्या घरातून येतो. "सणाला हात आखडता घेतला की घरात मीच वाईट ठरते. मुलांचं मन दुखावतं का हो त्यानं?" विचारणारी बहुतेक वेळा बाईच असते. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून एका घराची गोष्ट सांगते. त्या कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई चाळिशीच्या आतल्या. माहेर वसईचं, सासर मालाडच्या एका गावठाणातलं. पण सासरचं जुनं घर दिरांच्या वाट्याला गेलेलं आणि हे लोक जवळच भाड्याच्या वन रूम किचनमध्ये. मिस्टर एसी दुरुस्तीच्या कंपनीत, ताई एका दवाखान्यात अर्धवेळ. मुलगी नववीत, मुलगा चौथीत, आणि सासूबाई. पहिल्या भेटीत त्या डोकेदुखी आणि झोप यांबद्दलच बोलत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "मॅडम, मी कंजूस आहे का? खरं सांगा."

झालं होतं असं. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या, पहिल्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून (रविवारच्या उपासनेहून) परत येताना मुलाने नाक्यावरच्या दुकानात टांगलेला मोठा तारा मागितला. ताईंनी नाही म्हटलं. जुना आहे, त्यात नवा बल्ब घालू म्हणाल्या. मिस्टर रस्त्यातच चिडले, "आपल्या घरी नाताळ येतो की उपवासकाळ?" (उपवासकाळ ईस्टरच्या आधी असतो.) मुलगी म्हणाली, "मम्मी, तू सगळ्याला नाहीच म्हणतेस." रात्री कोणी नीट जेवलं नाही.

"आगमनकाळातही फादर जांभळाच झगा घालतात," ताई मला म्हणाल्या, "उपवासकाळात घालतात तसाच. नाताळाआधीचे चार रविवारसुद्धा थोडं आवरतं घेण्याचेच असतात, हे ह्यांना आठवत नाही." मला ते वाक्य फार आवडलं. पण त्यांचा आवाज थकलेला होता.

त्यांनी पिशवीतून वही काढली. मुलीच्या जुन्या वहीची उरलेली पानं, त्यावर पेन्सिलीने आखलेले रकाने. इतका स्वच्छ हिशोब मी क्वचित पाहिला आहे. दोघांचे मिळून महिन्याला ४९,००० येतात. भाडं १७,०००, दोघांच्या फिया ६,५००, किराणा-भाजी-मासळी ९,०००, दूध, वीज, गॅस, पास, सासूबाईंची औषधं, ३,००० ची भिशी, फ्रिजचा हप्ता. सगळं वजा जाता १,२५० उरतात. यात उधळपट्टी कुठे शोधणार?

पण मी दुसरंच शोधत होते. सासूबाईंच्या गोळ्या १,८००, मुलाची सायकल दुरुस्ती, मुलीचे पॅड, मिस्टरांचे बूट. तीन महिन्यांची पानं उलटली. ताईंच्या नावाने एकही ओळ नव्हती.

"तुमचं काय?" विचारलं. त्या हसल्या. "माझा काय खर्च असतो!" खोदून विचारल्यावर कळलं की त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती आणि सप्टेंबरपासून त्या ती एक दिवसाआड घेत होत्या. पाकीट दुप्पट दिवस पुरतं म्हणून. डोकेदुखीचं कारण माझ्यासमोर वहीतच होतं, कारण ते वहीत नव्हतं. मी त्यांना तिथेच थांबवलं. गोळीत काटकसर स्वतःच्या मनाने करायची नाही, आधी डॉक्टरांना दाखवा असं सांगितलं. पालिकेच्या 'आपला दवाखान्यात' तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, जनऔषधी केंद्रात त्याच घटकाची गोळी ब्रँडेडपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. दवाखान्यात नोकरी करणाऱ्या बाईला हे ठाऊक होतंच. सासूबाईंच्या निम्म्या गोळ्या त्या तिथूनच आणत. स्वतःसाठी आणायचं सुचलं नव्हतं.

जाताना त्यांनी माझी फी दिली आणि वहीत लिहिली. भाजीच्या रकान्यात. ह्यांना कळायला नको म्हणून.

दुसऱ्या भेटीला मिस्टरांना बोलावलं. ते तयारीनेच आले होते, आरोप ऐकायला. मी विचारलं, लहानपणीच्या नाताळातलं काय आठवतं? बराच वेळ गप्प बसले. मग सांगू लागले: गावठाणातलं घर, वडील, आणि २५ तारखेच्या दुपारी सगळ्या भावकीचं जेवण. शेजारपाजारी गोडाची ताटं जायची, त्यांत कलकल, नेवऱ्या, मिल्क क्रीम, मार्झिपान. थोरल्याच्या घरी जेवण, ही रीत. आता थोरले हेच. घर गेलं, पण रीत त्यांच्याकडे आली. "बायको भावांसमोर नाही म्हणते ना, तेव्हा बाप समोर उभा राहतो माझ्या," म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. माणूस पैसे उधळत नव्हता, वडिलांचं ताट सांभाळत होता.

पण ते ताट कशावर उभं होतं? गेल्या नाताळात ३१,००० खर्च झाले. त्यातले १८,००० क्रेडिट कार्डावर. त्यानंतर दरमहा बिलातली 'किमान रक्कम' भरणं चालू. आम्ही कागदावर मांडलं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ६३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ११३. त्यांनी भरले ९००. म्हणजे मुद्दल फिटलं दीडशेच्या आसपास. शिवाय जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीला कार्डावर एरवी मिळणारे बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ते आकड्यांकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "आणखी एक आहे." मोबाइलवरच्या एका ॲपवरून १०,००० घेतले होते, हातात ९,१०० पडले. दिवाळीच्या बोनसातले ४,००० त्यातच गेले. ताईंना ठाऊक नव्हतं.

ताई शेजारीच बसल्या होत्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तांदळाच्या डब्यात माझे अडीच हजार आहेत." म्हणजे एकाच घरात एक जण कर्ज लपवत होता आणि दुसरी बचत. दोघांचाही हेतू सणच.

आता मूळ प्रश्नाकडे येते, मुलांचं मन दुखावतं का. इतक्या वर्षांच्या कामावरून मला असं दिसतं की मुलांना 'या वर्षी एवढेच आहेत' हे ऐकून फार काही होत नाही, जर ते वेळेवर सांगितलं तर. २३ तारखेच्या संध्याकाळी दुकानात उभं राहून सांगितलेलं 'नाही' बोचतं. आगमनकाळाच्या सुरुवातीला घरात बसून सांगितलेला आकडा बोचत नाही. सणाचा आकडा मुलांना सांगावा, कर्जाचा सांगू नये. ते ओझं मोठ्यांचं. पण या घरात मला मुलांची काळजी वेगळ्या कारणाने वाटली, आणि ती तिसऱ्या भेटीत दिसली.

तिसरी भेट सगळ्यांची, सासूबाईंसकट. हातात होते एकूण ९,७५०: बोनसातले उरलेले ६,०००, डब्यातले २,५०० आणि त्या महिन्याचे १,२५०. मी म्हटलं, यात नाताळ बसवायचा आहे, तर प्रत्येकाने स्वतःची एकच गोष्ट कमी करायची. दुसऱ्याची नाही, स्वतःची. मुलगा पटकन म्हणाला, मोठा तारा नको. मुलीने हात वर केला आणि यादीच सांगितली. नवा ड्रेस नको, गिफ्ट नको, शाळेची पिकनिक नको, केकही मला नसला तरी चालेल. मिस्टर कौतुकाने बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "शहाणी गं माझी."

मी मात्र घाबरले. ती आपल्या आईचीच वही पुढे लिहीत होती, स्वतःच्या नावाची ओळ नसलेली. चौदा वर्षांची मुलगी चार गोष्टी सोडते आणि घर तिला शाबासकी देतं, तिथून पुढे रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेण्यापर्यंतचा रस्ता सरळच आहे. मी तिला म्हटलं, नियम एकच गोष्टीचा आहे, बाळा. एक निवड, बाकीच्या तुझ्या. तिने गिफ्ट सोडलं आणि ड्रेस ठेवला. ड्रेस म्हणताना आईकडे बघितलं. आईने मान डोलावली, तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं.

ताईंची पाळी आली तर त्या गप्प. सोडायला त्यांच्याकडे काही नव्हतंच. मी म्हटलं, तुम्ही एक ओळ वाढवा.

मिस्टरांनी भावकीचं जेवण सोडलं नाही, आणि मी तो आग्रहही धरला नाही. त्यांनी सोडलं ते एकट्याने यजमान असणं. भावांच्या ग्रुपवर निरोप टाकला: जेवण आमच्याकडेच, पण प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. हा मेसेज लिहायला त्यांना दोन दिवस लागले. एक भाऊ आनंदाने मासळी आणतो म्हणाला. दुसऱ्याच्या बायकोने "या वर्षी पॉटलक का?" असं काही लिहिलं, ते ताईंना लागलं. तो भाऊ शेवटी आलाच नाही. ही किंमतही मोजावी लागते, मी ती लपवणार नाही.

गोडाचा मुद्दा मोठा निघाला. घरी केलं तर स्वस्त, हे सगळेच म्हणाले. मी विचारलं, घरी म्हणजे कोणी? मैदा, रवा, अंडी, नारळाचं दूध, साखर, तेल यांना पैसे थोडे लागतात, पण रात्री लागतात. दवाखाना आणि स्वयंपाक आटोपून अकरा वाजता कलकल वळायला बसणाऱ्या बाईची झोप कुठल्या रकान्यात लिहायची? विकतचे सोडून घरचे करायचे तर ती काटकसर पैशातून उचलून ताईंच्या अंगावर टाकल्यासारखीच होती. मग कामं वाटली. पीठ सासूबाईंनी मळायचं, काट्यावर दाबून कलकल मुलांनी वळायचे, तळणं मिस्टरांचं. सामानासाठी एका शनिवारी बाप-लेक क्रॉफर्ड मार्केटला गेले. नेवऱ्या यंदा नाहीत, मार्झिपानही नाही. काजू-बदाम लागणारं सगळं बाजूला ठेवलं. मिस्टरांनी पहिला घाणा करपवला, पण तोही संपला म्हणे.

आणखी एक गोष्ट अशी, जी नाताळ करणाऱ्या प्रत्येक पगारदार घराने आधी पाहून ठेवावी. मिस्टरांच्या कंपनीने सणासाठी डिसेंबरचा पगार २३ तारखेला केला. घरात आनंद. पण पुढचा पगार ३१ जानेवारीला. म्हणजे तो पैसा ३९ दिवस पुरवायचा. गेल्या वर्षी ५ जानेवारीला भाडं आणि फ्रिजचा हप्ता एकदम आला, खात्यात पुरेसे नव्हते, हप्ता परत गेला आणि वर दंड बसला. खरं कर्ज नाताळातून तयार होत नाही असं नाही, पण बरंचसं जानेवारीतून होतं. यंदा पगार आला त्याच संध्याकाळी भाडं आणि हप्ता खात्यात बाजूला ठेवले आणि भाजी-मासळीच्या पैशांची पाकिटं केली. नेहमी चार करतात, या वेळी सहा. प्रत्येक पाकिटात कमी, पण जानेवारीचा शेवटचा आठवडा कोरडा गेला नाही.

नाताळाला ९,२५० लागले. मुलांचे कपडे मालाड स्टेशनबाहेरून, येशूजन्माच्या गोठ्यातल्या मूर्ती जुन्याच, एका मेंढराचा पाय मुलाने डिंकाने चिकटवला. वॉचमन आणि कचरा नेणाऱ्या मावशींचं पाकीट मात्र ताईंनी कमी होऊ दिलं नाही. चर्चमध्ये द्यायचंही. त्यात मी बोलले नाही, ते त्यांचं होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ॲपचं कर्ज अजून फिटतंय, कार्डाची बाकीही आहे. कार्ड आता कपाटात आहे आणि दरमहा ९०० ऐवजी १,५०० जातात, भिशीची पाळी लागली की उरलेलं एकदम भरायचं ठरलं आहे. लपवाछपवीवरून त्यांचं अजूनही वाजतं. ताईंचा विश्वास बसायला वेळ लागेल, आणि तो लागू द्यावा असंच मी मिस्टरांना सांगितलं.

फेब्रुवारीत ताई एकट्या आल्या. रोज गोळी चालू होती, डोकं कमी दुखत होतं. वही नवी नव्हती, पण एक नवी ओळ होती, मुलीच्या अक्षरात: 'मम्मी'. खाली गोळ्या, एक चप्पल. जाताना त्यांनी फी दिली, पेन्सिल काढली, आणि ती रक्कम त्या ओळीत लिहिली.